निकालाखाली कोचचं नाव पण छापा ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांच्या स्पर्धांचे निकाल तुम्ही खेळाच्या पानावर छापता, त्यात पोरांची नावं असतात, शाळेचं असतं, बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांचं तर फोटोसकट असतं, पण त्या पोरांना रोज उजाडायच्या आत ग्राउंडवर उभं करणाऱ्या सरांचं किंवा मॅडमचं नाव शोधूनही सापडत नाही. त्याबद्दलच लिहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या हायस्कूलच्या कोच सरांबद्दल लिहायचं होतं, बऱ्याच वर्षांपासून राहिलंय. (नाव इथे टाकत नाही, न विचारता टाकलं म्हणून अजूनही झापतील.)

मी ४ बाय १०० रिलेमध्ये (चौघींनी एकामागून एक १००-१०० मीटर पळायचं आणि हातातली नळी, म्हणजे बॅटन, पुढच्या पोरीच्या हातात द्यायची) तिसरी पळायचे. आमच्या चौघींत फार फास्ट अशी कोणीच नव्हती, सरांना ते माहीत होतं आणि त्यांनी ते गोड बोलून कधी लपवलं नाही. स्पीड वाढायला वर्षं जातात, बॅटन द्यायला-घ्यायला एका सीझनमध्ये शिकता येतं, असं त्यांचं सरळ गणित. मग काय, आधी नुसतं एका रांगेत उभं राहून बॅटन मागून पुढे, मग चालत, मग जॉगिंग करत, आणि फुल स्पीडला सोडायचे ते पार शेवटी. आम्ही जाम वैतागायचो. मग सर स्वतः टाचेला अंगठा लावून पावलं मोजायचे आणि ट्रॅकवर टेपची पट्टी चिकटवायचे. मागची पोरगी त्या पट्टीवर आली की आपण सुटायचं, आणि एकदा सुटलं की मागे बघायचं नाही. मान वळली की स्पीड गेलाच. तिची हाक आली की हात मागे, पंजा उघडा आणि हात अजिबात हलवायचा नाही, कारण हात शोधायचं काम बॅटन देणारीचं असतं, घेणारीचं नाही. तिसरीने बॅटन उजव्या हातातच घ्यायची, म्हणजे वळणावर लेनच्या आतल्या रेषेला धरून पळता येतं. असली प्रत्येक गोष्ट ते कारणासकट सांगायचे, 'मी सांगतो म्हणून' असं नाही, आणि त्या वयात कोणी मोठ्या माणसाने आपल्याला कारण सांगणं म्हणजे काय असतं ते ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल.

बॅटन ३० मीटरच्या झोनमध्येच बदलावी लागते, आणि त्यात तुमचे पाय कुठे आहेत ते बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांची आणि बायकांची, दोन्ही टीमची बॅटन हीटमध्येच, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, पडली होती. जगातले सगळ्यात फास्ट लोक हो! त्यामुळे सर एवढे मागे का लागायचे ते आता पटतं.

पण मला त्यांचं सगळ्यात जास्त आठवतं ते वेगळंच. एका सीझनला माझा गुडघा दुखायला लागला, वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ आल्यासारखं. मी कोणाला बोलले नव्हते. वॉर्मअपमध्ये मी पाय वाचवून पळतेय हे सरांनी लांबूनच ओळखलं आणि मला बाहेर काढलं, स्पर्धा तोंडावर असताना. आई-बाबांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवलं. हाडं वाढायच्या वयात खेळणाऱ्या पोरांना हे होतं, ऑसगूड-श्लॅटर म्हणतात त्याला, लोड कमी केला की बहुतेकांचं आपोआप बरं होतं, पण दुखत असताना रेटत राहिलं की लांबतं. माझ्या जागी रिझर्व्हमधली पोरगी पळाली. तिचा बॅटनचा सराव आमच्याइतकाच झाला होता, कारण जी बहुतेक पळणारच नाही तिलाही सर तेवढाच वेळ द्यायचे. आम्ही मेडलमध्ये आलो नाही. परत आल्यावर सर कोणाला काही बोलले नाहीत, मला मात्र स्टॉपवॉच दिलं आणि पुढचे कित्येक दिवस सगळ्यांचं टायमिंग घ्यायला लावलं, म्हणजे ग्राउंड सुटलं नाही. मुलं जिंकावीत म्हणून दुखणं दाबून पळवणारे कोचही मी नंतर पाहिलेत, म्हणून हे जास्तच जाणवतं.

आता मुद्द्याचं. शाळा तुम्हाला निकाल पाठवतात तेव्हा त्यांच्याकडून कोचचं नावही मागून घ्या आणि टीमच्या नावांनंतर 'कोच' म्हणून एक ओळ टाका. जागेची अडचण असेल तर पाहुण्यांचा फोटो थोडा बारीक करा, चालेल आम्हाला. हरलेल्या टीमचं पण टाकता आलं तर फारच बरं, पण एवढं मागणं जास्त होतंय हे मलाही कळतं.

सर अजून शिकवतायत, त्यामुळे उशीर झालेला नाही. आणि एक रिक्वेस्ट, हे पत्र छापलंत तर खेळाच्या पानावर छापा, वाचकांच्या पत्रांपर्यंत सर कधी पोचतच नाहीत.

आपली,
एक वाचक (रिलेची तिसरी धावपटू)