ओहेन्रो-सान

कोयासान, जपान
कार्तिक वद्य पक्ष

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाहेर कडाक्याची थंडी आहे. इथल्या एका देवळातच उतरलोय आणि रजई अंगावर ओढून हे लिहायला बसलोय. फोन केला असता, पण हे सांगताना माझा घसा दाटून येईल आणि निम्मं राहून जाईल, म्हणून पत्र. आळंदीला आता समाधी सोहळ्याची लगबग असेल. तूही निघाला असशील. आज पहाटे तुझी फार आठवण झाली रे. का, ते सांगतो, पण आधी मागचं सांगायला हवं.

ओसाकाचं काम संपलं आणि हातात आठवडाभर सुट्टी होती, म्हणून शिकोकू बेटावर गेलो. तिथे 88 मंदिरांची एक यात्रा आहे. साऱ्या बेटाला प्रदक्षिणा, सुमारे 1200 किलोमीटर. पायी करायची तर दीड महिना लागतो. ही वाट कोबो दाइशींची. मूळ नाव कूकाई (774–835), चीनला जाऊन शिकून आले आणि जपानमध्ये शिंगोन बौद्ध पंथाची स्थापना केली. त्यांचा जन्मही याच बेटावरचा. मला पाच दिवसांत पहिली सतरा मंदिरंच झाली, पण तेवढ्यानंही ओंजळ भरली.

पहिल्या मंदिराचं नाव रियोझेन-जी. रियोझेन म्हणजे आपल्या राजगीरचा गृध्रकूट डोंगर, जिथे बुद्धांनी उपदेश केला. देवळाला जे डोंगराचं नाव जोडतात ते जिकुवा. 'जिकु' म्हणजे भारत आणि 'वा' म्हणजे जपान! हे कळलं तेव्हा मी तिथल्या पायरीवर जरा बसूनच राहिलो.

तिथे पांढरा सदरा, गवती टोपी आणि काठी घेतली. टोपीवर लिहिलेलं असतं 'दोग्यो निनिन', वाटेवर आपण दोघं. दुसरे दाइशी. एकट्यानं चाललास तरी ते बरोबर असतात, आणि काठी म्हणजे साक्षात तेच. म्हणून पुलावर काठी टेकवायची नाही. दाइशींना एकदा पुलाखाली रात्र काढावी लागली होती. न जाणो, आत्ताही खाली निजलेले असले तर झोपमोड व्हायची. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या झोपेची अशी काळजी करणारी माणसं आहेत ही. मी प्रत्येक पुलावर काठी उचलून काखेत धरली.

पहिल्या मुक्कामी दारात बूट सोडत होतो. घरच्या बाई, सत्तरीच्या असतील, बादली आणि फडकं घेऊन आल्या. मला वाटलं, माझ्या पायांसाठी. त्यांनी काठी घेतली. टोक पाण्यात बुडवून धुतलं, फडक्यानं टिपलं. रस्त्यावर घासून लाकडाचे तंतू सुटले होते, ते बोटांनी हळूच सारखे केले. मग काठी आत नेऊन खोलीतल्या मानाच्या कोनाड्यात उभी केली आणि नंतर माझ्याकडे वळून हसल्या. आधी दाइशींचे पाय धुवायचे, मग बाकीचं. तुमच्या ओसरीवर दिंडी उतरायची तेव्हा तुझी आजी परात घेऊन वारकऱ्यांचे पाय धुवायला बसायची ना? तिचे हात कसे चालायचे ते मला तिथे जसंच्या तसं दिसलं.

अकराव्या मंदिराहून बाराव्याकडे जाणारी वाट जवळजवळ तेरा किलोमीटरची, सगळी डोंगरातून. तिला 'हेन्रो-कोरोगाशी' म्हणतात, यात्रेकरूला गडगडवणारी चढण. एक डोंगर चढून झाला की उतरायचं, पुन्हा चढायचं. तुमच्या दिवे घाटात निदान टाळमृदंग तरी असतो. इथे फक्त झाडं, ओली पानं आणि आपला श्वास. देवळात पोचलो तेव्हा पाय थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी उतरताना खालच्या वाडीत एक आजी रस्त्याकडेला संत्र्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या. विकायला असतील असं वाटून मी पाकीट काढलं. त्यांनी हात जोडले, "ओहेन्रो-सान" म्हणाल्या आणि पाच संत्री माझ्या ओंजळीत ठेवली. हेन्रो म्हणजे यात्रेकरू. पण त्या ज्या सुरात म्हणाल्या त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, माउली. या दानाला तिथे 'ओसेत्ताई' म्हणतात. नाही म्हणायचं नसतं, कारण यात्रेकरूला दिलेलं दाइशींना पोचतं. घेणाऱ्यानं आपल्या नावाची कागदी पट्टी द्यायची. मी माझी पट्टी देवनागरीत लिहिली होती. त्यांनी ती अक्षरं निरखून पाहिली, पट्टी कपाळाला लावली आणि छातीशी धरली. मित्रा, माझं नाव आजवर कुणी असं कपाळाला लावलं नव्हतं. पुढे वळणावर बसून संत्री खाल्ली आणि मोकळा रडलो.

तू मला वीस वर्षं वारीला बोलावतोयस आणि मी वीस वर्षं काही ना काही कारण सांगतोय. गावोगावची माणसं पिठलं-भाकरी घेऊन रस्त्यात उभी राहतात, हे तू सांगायचास. मला ते ऐकून माहीत होतं. रस्त्यावर उभं राहून ते आपल्या ओंजळीत पडतं तेव्हा काय होतं, हे मला एका परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या आजींनी शिकवलं. त्या पाच दिवसांत मला एकानंही धर्म विचारला नाही. पांढरा सदरा अंगात होता, तेवढं त्यांना पुरलं.

आणखी एक सांगायचंच आहे. प्रत्येक देवळात यात्रेकरू प्रज्ञापारमिता हृदय सूत्र हे बौद्ध स्तोत्र म्हणतात. एकसुरी, जलद, मला एक अक्षर कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी शेवटची ओळ कानात शिरली: ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ, हारा सो ग्यातेइ, बोजी सोवाका. आणि एकदम उजाडलं. गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा! सोवाका म्हणजे आपला स्वाहा. चीनमधून वळसा घेऊन तो इथे पोचला आणि शेकडो वर्षं यांनी तो जिभेवर सांभाळला. त्या दिवसापासून मीही शेवटची ओळ त्यांच्याबरोबर म्हणू लागलो. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघून आवाज जरा मोठा करायचे, मला धरता यावं म्हणून.

मग तोकुशिमाहून बोटीनं वाकायामाला आलो आणि तिथून इथे कोयासानला. हा डोंगर दाइशींनी 816 पासून वसवला. काल सकाळी देवळात गोमा झाला. गोमा म्हणजे होम, शब्दसुद्धा तोच. भिक्षूंनी खूण करून मलाही पुढे बोलावलं आणि निखाऱ्यावर धूप वाहायला लावला.

आता आजची पहाट. इथे ओकुनोइन म्हणून जागा आहे. सुगी नावाच्या उंचच उंच जपानी देवदारांतून दोन किलोमीटरची वाट, दुतर्फा दोन लाखांहून जास्त समाध्या. टोकाला दाइशींची जागा. 835 साली ते गेले असं इथे कुणी म्हणत नाही. ते ध्यानाला बसलेत. म्हणून रोज दोन वेळा त्यांना जेवण जातं. सहाला मी तिथे उभा होतो. पिवळ्या वस्त्रांतल्या भिक्षूंनी लाकडी पेटी खांद्यावर घेतली, पूल ओलांडला. ताटं निवू नयेत अशी त्यांची चाल. माझ्या मागे कुणी तरी बोललं, तर एका म्हाताऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं.

आणि मला तुझी आई आठवली. आपण दहा-अकरा वर्षांचे, आळंदीच्या देवळात दंगा करत होतो. तिनं दोघांचे दंड धरले आणि म्हणाली, "हळू बोला रे, माउली आत बसलीत." 1296 साली घेतलेली समाधी, आणि तिच्या बोलण्यात 'बसलीत'. इतकी वर्षं मला ती आईची बोलायची पद्धत वाटली होती. आज त्या पुलाशी उभा राहून मी इथल्या दाइशींना नमस्कार केला आणि त्याच नमस्कारात तुझ्या आईच्या माउलींनाही.

आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. त्यांच्यासाठी इथली उदबत्ती घेतली आहे. काठी मी बरोबर आणतोय, विमानात चढवायची काय सोय ते उद्या विचारीन.

आषाढीला तुझ्या दिंडीत नाव घालायचं असेल तर कधीपर्यंत कळवावं लागतं? पैसे किती भरायचे आणि सामानाच्या ट्रकमध्ये किती ओझं चालतं, तेही लिही.

तुझाच