फिरू नये ती मोटार फिरते आहे

दांडिया बाजार, बडोदे
रविवार

प्रिय विनायक,

स. न. वि. वि.

तुझ्या दिवाळीतल्या पत्राला उत्तर गेले नाही, त्याबद्दल तू मनात काय काय म्हणाला असशील ते मी जाणतो आणि ते सर्व मान्य करून पुढे सरकतो. माझी साखर जिथे होती तिथेच आहे, गुडघाही तसाच आहे, सुमन बरी आहे. तब्येतीचे पुराण एवढेच. आज जे लिहायला बसलो आहे ते तुझ्याखेरीज कोणाला लिहून उपयोग नाही. घरात सांगून पाहिले. सगळे शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी 'बरं, मग?' असे विचारतात.

सईच्या शाळेत येत्या शनिवारी विज्ञान प्रदर्शन आहे. तिच्या वाट्याला घरी करायची साधी विद्युत मोटार आली. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती मोटार तयार झाली, ती उत्तम फिरते, आणि मी तीस-पस्तीस वर्षे पॉलिटेक्निकच्या पोरांना जे शिकवले त्याप्रमाणे ती अजिबात फिरता कामा नये.

आता सविस्तर. तार मी रावपुऱ्यातल्या एका रिवाइंडिंगवाल्याकडून आणली. चोवीस गेजची मागितली तेव्हा त्याने 'काका, पंखो के पंप?' असे विचारले, आणि नातीच्या शाळेसाठी हवी आहे असे सांगितल्यावर रिळावरची दोन वाव तार तोडून माझ्या हातात दिली व पैसे घ्यायला नकार दिला. चुंबक आपल्या त्या रेडिओच्या स्पीकरमधला आहे. कोणत्या ते तुला सांगायला नको, आणि तो रेडिओ कोणी उघडला होता हा वादही आज नको, कारण तो तूच उघडला होतास. बाकी साहित्य नेहमीचे: टॉर्चचा एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना आणि पिना सेलच्या दोन्ही टोकांना धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचा एक पट्टा. सेलवरच तार गुंडाळून दहा वेढ्यांचे वेटोळे केले, दोन्ही टोके समोरासमोर बाहेर काढली आणि ती पिनांच्या मागच्या बारीक भोकांत अडकवली. चुंबक खाली सेलवर ठेवला.

टोके खरवडण्याची वेळ आली तेव्हा मी तिला रीतसर समजावले. एक टोक सगळीकडून खरवडायचे. दुसरे टोक खरवडताना वेटोळे टेबलाच्या कडेला उभे धरायचे आणि तारेची फक्त वरची बाजू ब्लेडने साफ करायची. खालच्या बाजूचे इनॅमल, म्हणजे तारेवरचा वीज अडवणारा लेप, तसेच राहू द्यायचे. वेटोळे आडवे ठेवून खरवडले तर धक्का देणारा काळ आणि अडवणारा काळ निम्मा निम्मा वाटला जातो आणि मोटार जागची हलत नाही, हेही सांगितले. कारणही सांगितले: प्रवाह सतत वाहिला तर वेटोळ्याला अर्ध्या फेरीत पुढे आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे रेटा बसतो, म्हणून ते थोडे डोलते आणि शेवटी चुंबकावर आडवे होऊन स्वस्थ बसते. मागचा रेटा नको असेल तर त्या अर्ध्या फेरीत प्रवाहच बंद ठेवायचा. ते काम इनॅमल करते, आणि वेटोळे आपल्या गतीच्या भरावर तेवढे अंतर कापते. एवढे सांगून मी चहा प्यायला आत गेलो. माझ्या मते विषय संपला होता.

बाहेरून हाक आली, "आजोबा, फरे छे!" (ही मुलगी आनंद झाला की गुजरातीत ओरडते आणि रागावली की इंग्रजीत, मराठी तिने आमच्याशी भांडायला राखून ठेवली आहे.) बाहेर येऊन पाहतो तर वेटोळे इतक्या वेगाने फिरत होते की त्याच्या जागी नुसता तांबूस गोळा दिसत होता. मी कौतुकाने तिची पाठ थोपटली, वेटोळे थांबवले, चष्मा लावून टोके पाहिली, तर दोन्ही टोके चहूबाजूंनी खरवडलेली. तिने शाळेतून आणलेल्या पॉलिश पेपरने ती अशी चकचकीत केली होती की इनॅमलचा ठिपकाही दिसेना.

तुझा चेहरा मला इथून दिसतो आहे.

कलाभवनाच्या कट्ट्यावरचे आपले भांडण तुला आठवत असेलच. सयाजीरावांनी १८९० साली ही संस्था तुम्हा दोघांना भांडायला जागा व्हावी म्हणून काढलेली नाही, असे सर म्हणाले होते. तुझे म्हणणे असे की मोटारीचा जनक फॅरडे, कारण १८२१ च्या सप्टेंबरात त्याने पाऱ्यात लोंबणारी तार चुंबकाभोवती गरगर फिरवून दाखवली आणि फिरली म्हणजे मोटार झाली. माझे म्हणणे असे की ती मौज झाली. मोटार झाली ती १८३२ साली, स्टर्जनने प्रवाहाची दिशा वेळेवर उलटवणारा कॉम्युटेटर बसवला तेव्हा. फॅरडेच्या तारेला प्रवाह उलटवावा लागत नव्हता, कारण ती एकाच ध्रुवाभोवती एकाच दिशेने रेटली जात होती. पण त्या युक्तीवर गिरणी चालत नाही. याकोबीने १८३८ मध्ये नेव्हा नदीत बोट चालवली ती कॉम्युटेटरच्या जोरावर, पाऱ्याच्या वाटीच्या जोरावर नव्हे. तेव्हा तू मला 'स्टर्जनचा वकील' म्हणायला लागलास, आणि मी तुझ्या फॅरडेला बुकबाइंडर म्हटले म्हणून तू माझ्या स्टर्जनच्या तरुणपणीच्या जोडे शिवण्याच्या उमेदवारीवर घसरलास. त्या पैजेची शेव-उसळ आजतागायत कोणी कोणाला दिलेली नाही.

तर या वकिलाच्या घरात, त्याच्याच टेबलावर, बिनकॉम्युटेटरची मोटार फिरली. म्हणून पत्र तुला.

मी लगेच हार मानली असे समजू नकोस. आधी शंका आली ती उरल्यासुरल्या इनॅमलची, कारण डोळ्यांवर माझा आता फार भरवसा नाही. सेल आणि पिन यांच्यामध्ये टॉर्चचा बल्ब जोडला. बल्ब मध्ये आला की प्रवाह इतका उतरतो की मोटार फिरत नाही, पण तपासणीला तेच हवे होते. वेटोळे बोटाने अगदी सावकाश पूर्ण फेरीभर फिरवले. इनॅमल कुठे राहिले असते तर त्या जागी बल्ब विझला असता. तो एकदाही विझला नाही. म्हणजे टोके खरोखरच सगळीकडून उघडी होती आणि सावकाश फिरवताना स्पर्श कुठेही तुटत नव्हता.

मग संध्याकाळी दिवे घालवून मोटार चालू केली. डाव्या पिनेच्या भोकात निळसर ठिणग्यांची बारीक लुकलुक चालली होती, उजव्या पिनेत मात्र जवळजवळ काहीच नव्हते. ठिणगी आहे म्हणजे प्रवाह तुटतो आहे. इनॅमल नसताना तो तुटतो कशाने? दिवा लावून डावे टोक डोळ्यांच्या रेषेत धरले तेव्हा दिसले की तार सरळ नाही, टोकाच्या अलीकडे तिला तांदळाच्या दाण्याएवढा बाक आहे. घासताना बाईसाहेबांनी ती चिमटीत जोरात धरली असणार. आता माझा तर्क असा आहे: दर फेरीला तो बाक भोकाच्या कडेवर चढतो आणि टोक वर उचलले जाते. सावकाश फिरवले तर ते कडेला टेकूनच राहते, म्हणून बल्ब विझला नाही. वेगात मात्र ते क्षणभर हवेत उडते आणि तेवढा वेळ प्रवाह बंद पडतो. हे उडणे नेमके मागच्या रेट्याच्या अर्ध्या फेरीत येते आहे. वेळ थोडाच असला तरी मागचा रेटा पुढच्या रेट्यापेक्षा घर्षण भरून काढण्याइतका कमी पडला की वेटोळे फिरत राहणार.

पडताळा घेतला. डाव्या टोकावरून शिवणाच्या दोऱ्याचा सैल फास टाकून ते वर उडणार नाही असे केले. वेटोळे दोन-चार झोके घेऊन आडवे झाले. दोरा काढला, बोटाने टिचकी मारली, पुन्हा भरधाव. शिवाय सईने माझ्या सांगण्यावरून दुसरे वेटोळे केले, त्याची टोके अगदी सरळ ठेवून सगळीकडून खरवडली. ते पुस्तकात लिहिल्याप्रमाणे डोलून गप्प बसले. तेव्हा माझे म्हणणे लिहून घे: या मोटारीला कॉम्युटेटर आहे, फक्त तो कोणी बसवलेला नाही. तारेचा बाक हाच तिचा कॉम्युटेटर. तू म्हणशील, वकील अशील बुडाले की असेच बोलतात. म्हण.

खरी काळजी मात्र पुढेच आहे, आणि ती वादाची नाही. सईला हीच मोटार प्रदर्शनात ठेवायची आहे. मी अर्धे खरवडलेले तिसरे वेटोळे करून दिले, तेही चांगले फिरते, पण तिचे म्हणणे असे की ते सगळ्यांच्या टेबलांवर असणार आणि तिचे फक्त तिच्याकडे आहे. परीक्षक येणार, दोन्ही टोके उघडी पाहणार, 'हे चुकीचे केले आहेस' म्हणणार, आणि ही मुलगी त्यांना मान वर करून विचारणार की चुकीचे आहे तर फिरते कसे. त्या संवादाची मला भीती नाही. उलट तो ऐकायला मी पाचशे रुपये द्यायला तयार आहे. भीती त्या बाकाची आहे. शनिवारी सकाळी हे वेटोळे रिक्षातून मांडवीमार्गे शाळेत जाणार, तिथे चार मैत्रिणी ते हाताळणार, एखादी 'वाकडी झाली आहे' म्हणून मोठ्या प्रेमाने तार सरळ करून ठेवणार, आणि मोटार संपली. तो बाक मला मुद्दाम पाडता येत नाही. मी प्रयत्न केले. कधी थोडा जास्त वाकतो आणि टोक भोकात अडकते, कधी उडण्याची वेळ चुकते आणि वेटोळे नुसते थरथरते. सध्या ते बुंदीच्या लाडवांच्या रिकाम्या खोक्यात कापसावर ठेवले आहे आणि त्या खोक्याला हात लावायची कोणाला परवानगी नाही, मलासुद्धा नाही.

सुनेची काळजी निराळी आहे आणि ती रास्त आहे: सेल तापतो. मी हिशेब केला. या गेजची मीटरभर तार म्हणजे एक दशांश ओहमपेक्षाही कमी रोध. कागदावर दीड व्होल्टला पंधरा-वीस अँपिअर वाहायला हवेत. सेलचा अंतर्गत रोध आणि पिनांचे ढिले स्पर्श आडवे येतात म्हणून तेवढा प्रवाह वाहत नाही, तरी मोटार म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किटच. अर्ध्या खरवडलेल्या वेटोळ्यात निदान निम्मा वेळ सेलला विश्रांती मिळते; हे थांबून आडवे पडले की सेल नुसता जळत राहतो. म्हणून मी सईला ताकीद दिली आहे की कोणी पाहायला आले तरच वेटोळे ठेवायचे, आणि ते थांबले की लगेच उचलायचे.

आता तुला विचारायचे ते असे. तू जन्मभर मोटारी गुंडाळल्यास, घासलेले कॉम्युटेटर आणि त्यांवर टेकून प्रवाह पोचवणारे, पण मधेच उडणारे कार्बन ब्रश पाहिलेस. माझे ज्ञान फळ्यावरचे. ब्रश उडून ठिणग्या पडतात तो तुमच्याकडे दोष समजतात ना? इथे तोच दोष मोटार चालवतो आहे. हा बाक टिकवायचा उपाय तुला सुचतो का? वाकलेल्या जागेजवळ सोल्डरचा थेंब देऊन तार कडक करावी असे माझ्या मनात आहे, पण सोल्डरच्या वजनाने उडण्याची वेळ बदलेल अशी धास्ती वाटते. वेटोळ्याची टोके आहेत तशी ठेवून पिनेचेच भोक वाकडे करावे, हा दुसरा विचार. पिन कडक असते, ती कोणी सरळ करणार नाही, आणि मैत्रिणींचे लक्षही तिकडे जाणार नाही. पण भोक फेरीबरोबर फिरत नाही, तेव्हा त्याने दर फेरीला ठरावीक जागीच उडी बसेल का, याचा मला उलगडा होत नाही. मला वाटते नाही. तू नीट विचार करून सांग.

तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले ते कळव. दुसरा डोळाही लगेच करून घे, लांबवू नकोस. नाशिकच्या जागेचा ताबा मिळाला असेल असे धरून चालतो. मुक्ताला बंगळूरची हवा मानवली का? वहिनींना नमस्कार सांग आणि त्यांनी पाठवलेल्या मेतकुटाचा डबा अजून इथेच आहे, तो रिकामा परत पाठवायचा नाही म्हणून राहिला आहे, हेही सांग.

उत्तर शुक्रवारपर्यंत हवे, म्हणून सईला सांगून या कागदांचे फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवतो आहे. तूही तसेच कागदावर लिहून, खाली सही करून पाठव. फोनवर दिलेला निकाल तू मागाहून बदलतोस, आणि या वेळी मधे शेव-उसळ आहे.

तुझा,
श्रीधर