सुवर्णमुखी योहान कुठून वाचायला घ्यावेत

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

बाबा, चौथ्या शतकातले प्रसिद्ध ख्रिस्ती उपदेशक संत योहान ख्रिसोस्तोम (ख्रिसोस्तोम म्हणजेच सुवर्णमुखी) यांची प्रवचनं प्रार्थनासभेत वाचायची तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंत. बायबलच्या क्रमाने धरलं तर माणूस उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकात अडकतो. त्या एका पुस्तकावर त्यांची ६७ प्रवचनं आहेत, मत्तयाच्या शुभवर्तमानावर ९०. म्हणून लाजर आणि श्रीमंत मनुष्य या दाखल्यावरची सात प्रवचनं आधी घ्या. त्यांच्या गावी, सिरियातल्या अंत्युखिया शहरात, दिलेली ही प्रवचनं त्यांच्या शिकवणीचा गाभाच आहेत. लूक १६, वचनं १९ ते ३१, आधी सावकाश वाचून घ्या आणि एका बैठकीला एकच प्रवचन ठेवा.

दुसऱ्या प्रवचनात ते म्हणतात की आपल्याजवळचं गरिबाला न देणं ही चोरीच आहे. गरिबाची योग्यता तपासत बसू नका, त्याची गरज हीच त्याची योग्यता. तिसऱ्यात सामान्य माणसाने घरी बायबल का वाचावं, हे सांगितलंय. लोक म्हणत, मला धंदा आहे, बायको-मुलं आहेत, वाचन हे संन्याशांचं काम. त्यावर त्यांचं उत्तर असं, की जखमा तुलाच रोज होतात, तेव्हा औषधाची गरज तुला जास्त. लोहार कितीही कंगाल झाला तरी हातोडा-ऐरण विकत नाही, हा दाखलाही तिथलाच. पुढचा विषय ते काही दिवस आधी सांगून ठेवत, म्हणजे लोक घरून वाचून येतील. तुम्हीही तसंच करा, पुढच्या वेळचा उतारा आधीच्या बैठकीत जाहीर करा.

ही प्रवचनं बोललेली आहेत. त्यातली बरीचशी लघुलेखकांनी ऐकता ऐकता उतरवून घेतली. म्हणून मध्येच विषय सुटल्यासारखा वाटतो. एकदा संध्याकाळी दिवे लावणारा आत आला आणि लोकांच्या माना तिकडे वळल्या. योहान तिथेच थांबले. मी शास्त्राचा दिवा तुमच्यापुढे धरलाय आणि तुम्ही त्या दिव्याकडे बघताय, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना दटावलं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ते वारंवार थांबवत. असे तुकडे वगळू नका, लोकांचं लक्ष तिथेच पुन्हा जागेवर येतं.

मत्तयावरची प्रवचनं बहुतेक दोन भागांत पडतात. आधी वचनागणिक अर्थ, मग आचरणाचा उपदेश. गडबड होते ती इथे. उपदेशाचा शेवटचा भाग चटकदार असतो, म्हणून लोक तेवढाच उचलतात आणि तो नुसता रागावल्यासारखा ऐकू येतो. ५०व्या प्रवचनाचंच बघा. ख्रिस्ताच्या शरीराचा मान राखायचा असेल तर तो गरिबाच्या रूपात उघडा असताना त्याच्याकडे पाठ फिरवू नका; मंदिरात रेशमी वस्त्रं आणि दाराशी थंडीने कुडकुडणारा माणूस, असं करू नका, असं ते सांगतात. एवढंच वाचलं तर वाटेल, वेदी सजवायला त्यांचा विरोध होता. तसं नाही. आधी भुकेल्याला जेवू घाला, मग उरलेल्यातून वेदी सजवा, असा त्यांचा क्रम आहे.

आई, घरात लगेच करता येईल असं एक तुझ्यासाठी. १ करिंथवरच्या ४३व्या प्रवचनात ते सांगतात की प्रार्थनेच्या जागेजवळ गरिबांसाठी एक लहान पेटी ठेवा. प्रार्थनेला उभं राहण्याआधी पैसे टाकायचे, मग तोंड उघडायचं. किती? ज्याची त्याची ऐपत, पण कमाईच्या दहाव्या हिश्श्याहून कमी नको. आणि पैसा सचोटीचा हवा, लबाडीचा त्या पेटीत चालत नाही. प्रेषितांच्या कृत्यांवरच्या ४५व्या प्रवचनात ते आणखी पुढे जातात. घरात परक्यासाठी एक खोली ठेवा. बिछाना, मेज, दिवा. चर्चची धर्मशाळा आहे की, असं म्हणणाऱ्याला ते विचारतात, ती असली म्हणून तुझं काम झालं का?

त्यांच्या आईबद्दलही वाच. अंथुसा विशीतच विधवा झाली, तिने दुसरं लग्न केलं नाही. मुलगा घर सोडून संन्यासी व्हायला निघाला तेव्हा हाताला धरून तिने त्याला ज्या पलंगावर तो जन्मला त्याच्याजवळ बसवलं आणि सांगितलं, मला दुसऱ्यांदा विधवा करू नकोस, मी जाईपर्यंत थांब. याजकपणावरच्या त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात हे आहे. ते तेव्हा थांबले. नंतर मात्र डोंगरात चार वर्षं एका वृद्ध साधूजवळ आणि दोन वर्षं गुहेत एकटे राहिले. जागरण आणि थंडीने पोट व मूत्रपिंडं कायमची बिघडली, तेव्हा शहरात परतावं लागलं. ३८१ साली ते डीकन, म्हणजे याजकाच्या खालच्या पदाचे सेवक, झाले, ३८६ साली याजक.

३९८ साली ते कॉन्स्टँटिनोपलचे बिशप झाले. बिशपवाड्याचा थाटमाट कमी करून तो पैसा त्यांनी रुग्णालयांकडे वळवला. दरबार आणि काही बिशप याने दुखावले. ४०३ साली बिशपांच्या सभेने त्यांना पदावरून काढलं. ते परत आले खरे, पण ४०४ साली पुन्हा हद्दपार झाले. ४०७ च्या सप्टेंबरात, आणखी दूर चालवत नेलं जात असताना, कोमाना गावी ते वारले. हद्दपारीतून ओलिंपियास या चर्चच्या सेविकेला लिहिलेली १७ पत्रं उरली आहेत. आजारी, खचलेल्या माणसाला धीर कसा द्यावा, हे त्यांत फार सुंदर आहे.

एक गोष्ट मात्र सभेत नको. ३८६-८७ मधली आठ प्रवचनं यहुदी सण पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांना उद्देशून होती, पण त्यांत यहुद्यांबद्दल जे बोललं गेलं ते अतिशय कडवट आहे. पुढच्या शतकांत यहुद्यांचा द्वेष करणाऱ्यांनी तेच हत्यारासारखं वापरलं. संत म्हणून त्यांचा मान ठेवूनही ते चूक होतं, असंच मी म्हणेन. कुणी विचारलं तर लपवू नका, स्पष्ट सांगा.

लाजर संपला की ३८७ मधली पुतळ्यांवरची २१ प्रवचनं घ्या. नव्या करामुळे अंत्युखियात दंगा झाला, बादशहाचे पुतळे पाडले गेले आणि अख्खं शहर शिक्षेच्या भीतीखाली होतं. त्या उपवासकाळात ते बोलत राहिले, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी शेवट एकाच सवयीवर आणला, ऊठसूट शपथा घेणं सोडा. एक धडा पक्का झाल्याशिवाय दुसरा नको, ही त्यांची रीत.

१३ सप्टेंबरला त्यांचा सण. त्याआधी लाजरवरची तीन प्रवचनं तरी आरामात होतील. ती मोठ्या अक्षरात छापून पाठवते. बाबांनी वाचावं आणि आईने मधूनमधून थांबवून प्रश्न विचारावेत.

तुमची,
मुलगी