आबांचं पांढरं इंजेक्शन

पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, दोन वर्षं लॅबमध्ये नुसते औषध भरलेले बारीक मणी करतेय, तेही एकसारखे येत नाहीत." आवाज पडलेला होता तुझा. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी आबांना मी दर महिन्याला मोटरसायकलवर नाशिकला न्यायचो. सिस्टर पांढरी पूड द्रावणात हलवून घ्यायच्या, दुधासारखं व्हायचं. लगेच टोचायच्या, कारण ठेवलं की पूड खाली बसते. आबा विचारायचे, "एवढ्याशा दुधावर महिना निघतो होय रे?" मला उत्तर येत नव्हतं. ते तू दिलंस, आबा गेल्यावर. त्या पुडीचा कण न् कण पीएलजीए नावाच्या पॉलिमरचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचा. अंगातल्या पाण्यानं तो हळूहळू तुटतो, त्याचं लॅक्टिक ॲसिड होतं, दह्यात असतं तेच, आणि ग्लायकोलिक ॲसिड. आतलं औषध महिनाभर झिरपत राहतं. तेच औषध नुसतं टोचलं तर काही तासांत ओसरतं. म्हणजे आबांना रोज सुई घ्यावी लागली असती. अमेरिकेत १९८९ ला मंजूर झालं हे महिन्याचं इंजेक्शन; त्याआधी कुणीतरी तुझ्यासारखंच मणी करत बसलं असेल ना?

मण्यांच्या साइजचं म्हणशील तर ते मला द्राक्षबागेत रोज दिसतं. फवारणीच्या ब्लोअरचा थेंब मोठा पडला की पानावरून ओघळतो, फार बारीक झाला की वाऱ्यावर जातो. तुझंही तसंच. श्वासातून द्यायचा कण १ ते ५ मायक्रॉनचा हवा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मोठा घशातच अडकतो. रक्तात सोडायचा तो बारीक रक्तवाहिनीत तुंबता कामा नये. आबांचा मात्र टोचला तिथंच राहायला हवा.

आता त्या बिघडलेल्या बॅचचं. पहिल्याच दिवशी निम्मं औषध भसकन सुटलं, म्हणून ती वही सरांना दाखवायची तुला लाज वाटते. बाळा, आबांच्या बाबतीत असं झालं असतं तर महिन्याचे शेवटचे दिवस कोरडे गेले असते. औषध कणाच्या वरच्याच थरात राहिलं असेल, म्हणून ते लगेच सुटलं; ते कुठल्या टप्प्यावर तिथं राहिलं, हे त्याच बॅचमधून सापडू शकेल. वही उद्याच सरांपुढे ठेव. काही खोडू नकोस.

सोमवारपासून विरळणीला बाया येतायत. आईनं बेदाणे पाठवलेत, डब्यात खाली मेथीचे लाडू आहेत.

तुझे,
पप्पा