आधी अंगाचं माप घ्या, मग रायफल घ्या

संपादक महोदय,

पुरवणीत ५० मीटर नेमबाजीची रायफल कशी निवडावी यावर लेख आला होता तो दोनदा वाचला. या खेळाला वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली याचा खरंच आनंद झाला, पण लेख संपल्यावर काहीतरी टोचत राहिलं म्हणून लिहायला बसलोय. लेखात कंपन्यांची नावं होती, बॅरलची लांबी होती, फोटो सुंदर होते, आणि शेवटी सल्ला काय तर परवडत असेल तर सरळ वरचं मॉडेल घ्या. मी बरीच वर्षं पॉइंट २२ रायफलीवर प्रोन (पालथं पडून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) मारतोय, रेंजवर नवीन मुलामुलींना शिकवतो, आणि याच सल्ल्यावर घेतलेल्या रायफली वर्षाच्या आत विकायला निघालेल्या मी बघितल्यात, त्यातल्या काही तर अजून नीट ॲडजस्टसुद्धा केलेल्या नव्हत्या.

माझीच गोष्ट सांगतो. माझी पहिली रायफल माझ्यापेक्षा चांगल्याच उंच माणसाकडून घेतलेली, बॅरल उत्तम, ॲक्शन, म्हणजे गोळी भरायची-काढायची यंत्रणा, लोण्यासारखी. स्टॉक, म्हणजे रायफलीचा दस्ता, मात्र त्याच्या हाताच्या मापाचा होता आणि मी तो तसाच वापरत राहिलो, म्हणजे डायऑप्टरपर्यंत (डोळ्याजवळची बारीक भोकाची साईट) डोळा न्यायला मान पुढे ताणायची, गाल चीकपीसवर (स्टॉकवरची गाल टेकवायची पट्टी) दाबून धरायचा. वीस-पंचवीस गोळ्या झाल्या की मानेचा दोरखंड व्हायचा आणि शॉट उजवीकडे वर सरकायला लागायचे. मी आपला रोज साईटचे क्लिक फिरवतोय, बॅरलला दोष देतोय. शेवटी रेंजवरचे एक सर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, डोळे मिट, रायफल खांद्याला लाव, डोकं जिथे आपोआप टेकेल तिथे टेकव, आता डोळे उघड. उघडले तर मला डायऑप्टरच्या भोकाऐवजी त्याची खालची कड दिसत होती! सरांनी बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) दोन सेंटीमीटर आत घेतली, चीकपीस चार-पाच मिलीमीटर वर चढवला आणि परत डोळे मिटायला लावले. पाचव्या-सहाव्या वेळेला डोळे उघडले आणि नळीच्या टोकाच्या साईटचं रिंग भोकाच्या बरोबर मधोमध. मान सैल, गाल नुसता टेकलेला. त्या दिवशी कळलं की मी इतके महिने रायफलीशी कुस्ती खेळत होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रायफल बघताना नळीकडे बघायच्या आधी स्टॉककडे बघा. बटप्लेट वर-खाली आणि आत-बाहेर सरकते का, चीकपीस उंचीला आणि आडवा दोन्हीकडे हलतो का, पुढचा हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा ठोकळा) रेलवर पाहिजे तिथे लागतो का, ट्रिगरचं पातं मागे-पुढे होतं का, म्हणजे बोटाचं पहिलं पेर त्यावर सरळ मागे दाबलं जाईल. वाढत्या वयाच्या मुलांना तर हे आणखी लागू, त्यांचा हात दरवर्षी लांब होतो, रायफल तीच राहते. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची रायफल "सवय होईल" म्हणून देऊ नका, आणि कोणता डोळा जोरकस आहे ते विकत घ्यायच्या आधी तपासा, नंतर नाही.

वजनाबद्दल लेखात काहीच नव्हतं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) नियमाने ५० मीटर रायफल ८ किलोपर्यंत चालते, पण चालते म्हणजे तेवढी घ्यायलाच हवी असं नाही. प्रोनमध्ये जड रायफल छान निवांत पडून राहते, पट्ट्याचा आधार असतो. तीच रायफल स्टँडिंगला घेऊन उभे राहिलात, जिथे पट्टा वापरता येत नाही, की कंबर बोलायला लागते. त्यामुळे नवीन माणसाने हलकी घ्यावी आणि पुढे ताकद आली की वजनाचे तुकडे लावत जावं, आणि तेही बॅलन्स बघून, सगळं वजन पुढच्या टोकाला लटकवून नाही.

आता गोळ्यांकडे येतो, कारण लेखात "चांगल्या प्रतीच्या गोळ्या वापरा" या एका वाक्यात तो विषय संपवलाय आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटलं. आपली पॉइंट २२ ची गोळी रिमफायर असते, म्हणजे पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, पिन मधोमध न मारता त्या कडेवर मारते. म्हणूनच हे काडतूस एकदा वाजलं की परत भरता येत नाही. सेंटरफायरवाले, म्हणजे ज्यांच्या काडतुसात मसाला बुडाच्या मधोमध असतो ते, आपल्या नळीला मानवेल तशी दारू स्वतः मोजून भरतात, आपल्याला ते नाही, फॅक्टरीतून जसं आलं तसंच मारायचं. मग आपल्या हातात उरतं काय, तर लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या गोळ्यांचा साठा, निवडणं. डबीवर लॉट नंबर छापलेला असतो आणि एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये तुमच्या नळीपुरता जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

थोडा हिशोब करून बघा. ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं, गोळी ५.६ मिलीमीटरची, आणि रेषेला नुसती शिवली तरी दहा धरतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलीमीटरच्या आत पडला पाहिजे, आणि सगळे दहा हवे असतील तर कडेपासून कडेपर्यंत अख्खा ग्रुप (सगळ्या भोकांचा पुंजका) २१.६ मिलीमीटरमध्ये बसला पाहिजे, तोही बरोबर मधोमध. माझ्या रायफलीत एका लॉटचा दहा गोळ्यांचा ग्रुप १६ मिलीमीटर यायचा आणि त्याच नावाच्या दुसऱ्या लॉटचा २४. रायफल तीच, स्टँड तोच, सकाळ तीच. दुसऱ्या लॉटवर मी कितीही चांगला मारला असता तरी काही नऊ गोळीनेच दिले असते आणि मी मात्र घरी जाऊन ट्रिगर बिघडला म्हणून रडलो असतो. वेगाचंही तसंच, मॅचच्या गोळ्या मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली, साधारण ३२० ते ३३० मीटर सेकंदाला अशा ठेवतात, आणि नुसतं गुरुत्वाकर्षण धरलं तर वेगात एका टक्क्याचा फरक पडला की ५० मीटरवर गोळी जवळपास अडीच मिलीमीटर वर-खाली जाते. दशांशात स्कोअर मोजतात तिथे एक दशांश ०.८ मिलीमीटरचा असतो, म्हणजे तीन दशांश गेलेच.

तर रायफलीचे सगळे पैसे रायफलीतच घालू नका. गोळ्या एली, लापुआ, आरडब्ल्यूएस कोणत्याही कंपनीच्या असोत, चार-पाच लॉटच्या एकेक-दोन डब्या घ्या, रायफल नीट टेकवून प्रत्येक लॉटचे दहाचे दोन-तीन ग्रुप मारा, लॉट बदलला की आधी दहा-पंधरा गोळ्या नुसत्या मारून नळीला नव्या वंगणाची सवय होऊ द्या, आणि जो बसला तो लॉट वर्षभर पुरेल एवढा उचला. जुन्या अन्शुट्झ कंपनीच्या रायफलीवर नीट निवडलेला लॉट मारणाऱ्या मुलीने कोऱ्या रायफलवाल्यांना मागे टाकलेलं मी स्वतः बघितलंय. आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सने प्रोनचं सुवर्ण घेतलं ते उसन्या रायफलीवर, कारण त्याच्या स्वतःच्या रायफलीची कोणीतरी आधी मोडतोड केली होती.

साईटबद्दल एकच. पुढच्या साईटच्या टनेलमधलं (नळकांड्यातलं) रिंग लहान घेतलं की नेम बारीक लागतो असं नवीन मुलांना वाटतं, पण होतं उलटं. रिंग टार्गेटच्या काळ्या गोलाला घट्ट बसलं की रायफलीची जरा हालचाल झाली तरी काळा कडेला घासल्यासारखा दिसतो, मुलगा घाबरतो, श्वास धरून बसतो आणि शेवटी ट्रिगर ओढतो. काळ्याभोवती पांढरी पट्टी मोकळी दिसली पाहिजे, स्टँडिंगला तर आणखी मोकळी. बदलता येणारं रिंग लावलंत तर हे पाच मिनिटांत स्वतःच करून बघता येतं.

आणखी एक, हे लेखात असायलाच हवं होतं. घरी ड्राय फायरिंग (गोळीशिवाय ट्रिगरचा सराव) करताना आधी चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने बघा, बोटाने बघा, गोळ्या त्या खोलीतच ठेवू नका. आणि रिमफायरमध्ये रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारत राहू नका, काही रायफलींमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पडतो. तुमच्या रायफलीला ड्राय फायरची सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, नसेल तर वाजलेलं काडतूस आत घाला आणि दर वेळी थोडं फिरवा म्हणजे पिन नव्या जागी बसेल. जुनी रायफल घेताना मी आजही आधी टॉर्च लावून तीच कड बघतो, मग नळीचं तोंड, आणि मगच खांद्याला लावून डोळे मिटतो.

आपला,
एक वाचक आणि नेमबाज