स्मरणचित्र पाठ करून येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शासकीय रेखाकला परीक्षेचे दिवस जवळ आले आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुले आता शाळा सुटल्यावर आणि रविवारीसुद्धा सरावाला बसतील. कोल्हापुरात मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतरही पेठेतली मुले कागद-रंग घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या वह्या पाहून जे मनात साचले आहे, ते आपल्या वाचकांपुढे, त्यातही पालकांपुढे, मांडावे म्हणून हे पत्र.

या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, जत्रा, बस थांबा, पावसातला रस्ता असा एखादा विषय येतो आणि समोर काही न ठेवता मुलाने आठवणीतून चित्र रंगवायचे असते. हा पेपर आता मुले पाठ करून जातात. तयार चित्रांच्या पुस्तकातल्या दोन-तीन रचना गिरवून गिरवून हातात बसवतात: डावीकडे झाड, उजवीकडे साडीतली बाई, मधे पाठमोरा माणूस. विषय बाजाराचा आला तर बाईच्या हातात पिशवी द्यायची, पावसाचा आला तर छत्री. श्रेणी मिळते, दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण त्या चित्रात मुलाने स्वतः पाहिलेले काहीही नसते, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःचे काहीही न पाहता चित्र पुरे करावे याचे मला फार वाईट वाटते. ज्याला आपण प्रतिभा म्हणतो, सुचणे म्हणतो, ते पाहण्यातून येते. ज्याने पाहिले नाही त्याला सुचणार कुठून?

माझ्या वर्गात गंगावेशीतला एक मुलगा होता. घरी म्हशी. कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढायची, हा घरचा धंदा. तरी त्याने वहीत म्हैस काढली ती पुस्तकातली, चार खांबांवर पेटी ठेवावी तशी. मी त्याला सांगितले, आज घरी गेलास की चित्र काढू नकोस, वहीसुद्धा उघडू नकोस, नुसता म्हशीजवळ बसून राहा. त्यानंतर त्याने जी म्हैस काढली ती मी अजून विसरलेले नाही. मागचा एक पाय ढिला सोडून सगळा भार दुसऱ्यावर टाकलेला, त्यामुळे एका बाजूचे कमरेचे हाड वर आलेले. पंढरपुरी म्हशीची लांब शिंगे खांद्याच्याही मागे गेलेली, आणि मान वळवताना ती कुठे अडकू नयेत म्हणून तिरके धरलेले डोके. रेषा वेड्यावाकड्या होत्या, पण ती म्हैस जिवंत होती. हे त्याला कुणी शिकवले नव्हते. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याने पहिल्यांदा शांतपणे पाहिली, एवढेच.

आपल्या शहराला तर या पाहण्याची मोठी परंपरा आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि कोल्हापुरात परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केले. मुंबईत राहून नाव आणि पैसा मिळवता आला असता, पण हा फकिरी वृत्तीचा माणूस कोटीतीर्थ तळ्याच्या काठी राहिला आणि तळी, घाट, देवळे, झाडे रंगवत राहिला. 1922 मध्ये महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे आमचे गुरुजी सांगत. स्वतः आबालाल 1931 मध्ये गेले. त्यांची जी चित्रे उरली त्यातली काही टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. मी मुलांना तिथे नेत असे. बहुतेक पालकांना ती तिथे आहेत हेच ठाऊक नसते.

त्यांचे निसर्गचित्र बघताना मुले आधी विचारतात, हे कुठले ठिकाण? मग मी त्यांना त्यातला उजेड बघायला सांगते. सूर्य कुठे असेल? सकाळ की संध्याकाळ? पाण्यात पडलेले प्रतिबिंब वरच्या वस्तूपेक्षा गडद आहे की फिके? एकच चित्र, पण मुले त्याच्यापुढे पाव तास उभी राहतात. आणि नंतर घाटावर गेल्यावर न सांगता पाण्याकडे बघायला लागतात. कला आणि निसर्ग यांचा असा एकमेकांना लागलेला हात मी वर्षानुवर्षे पाहिला आहे. मोठ्या चित्रकाराचे चित्र पाहिल्यावर नदी निराळी दिसते, आणि नदीकाठी बसून आल्यावर तेच चित्र अधिक कळते.

पंचगंगेच्या घाटावर मी मुलांना नेत असे ते सकाळी लवकर. नियम एकच होता: पहिला पाव तास दप्तरातून पेन्सिल काढायची नाही आणि बोलायचे नाही. सुरुवातीला चुळबुळ व्हायची. मग कुणाला नदीतल्या छोट्या देवळांवर पुराने ठेवलेली गाळाची रेघ दिसायची. कुणाला कळायचे की ओला काळा दगड काळा नसतोच, आभाळाचा निळा त्याच्यावर सांडलेला असतो आणि शेवाळाकडच्या बाजूला तो हिरवा होतो. बाटलीतला काळा रंग थेट लावणाऱ्या मुलीने त्या दिवशी निळ्यात तपकिरी मिसळून दगड रंगवला. पावसाळ्यातले तांबडे पाणी आणि हिवाळ्यातले हिरवट पाणी, फाल्गुन-चैत्रातली पिंपळाची तांबूस पालवी आणि आषाढातला त्याचा गर्द हिरवा, हे सगळे रंग मुलांनी तिथे बसून ओळखले. परीक्षेत त्यांच्यापुढे नदीकाठ आला तेव्हा त्यांना पाठ केलेले काही आठवावे लागले नाही.

आता मुले मोबाइलवर फोटो काढतात आणि घरी येऊन त्यावरून रंगवतात. पाऊस आला, वेळ कमी असला, तर फोटोचा आधार घ्यायला माझी हरकत नाही. पण फोटोत सावली नुसती काळी होते किंवा आभाळ नुसते पांढरे. डोळ्याला मात्र सावलीतली पायरीही दिसते आणि आभाळातला ढगही. शिवाय फोटो काढायला क्षणभर पुरतो, त्यामुळे मूल त्या जागी थांबतच नाही. वाऱ्याने पाणी कसे मोडले, धुणे धुणारी बाई कपडा आपटताना कमरेत कशी वाकली, हे थांबल्याशिवाय दिसत नाही.

थांबायला जागा मात्र राहिली पाहिजे. आबालालांच्या कोल्हापुरात तळीच तळी होती. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई उभी राहिली, रावणेश्वराचे तळे बुजले. जे गेले त्याबद्दल आता काय बोलणार. कोटीतीर्थ आणि रंकाळा अजून आहेत. रंकाळ्याच्या पाण्यात उभा असलेला संध्यामठ, पावसाळ्यात बराचसा बुडणारा आणि पाणी उतरले की पुन्हा वर येणारा, हा चित्रकारांच्या कितीतरी पिढ्यांचा विषय आहे. पण आज तिथे सकाळी पाटी घेऊन बसावे तर व्यायामाच्या गाण्यांचा स्पीकर, फोटोसाठी उभारलेल्या रंगीत चौकटी आणि रात्रीच्या कागदी प्लेटांचा खच. फिरायला येणाऱ्यांवर माझा राग नाही, ती माणसेही मोकळ्या हवेसाठीच येतात. पण सुशोभीकरण करताना, जिथे काहीच नवीन उभारायचे नाही असाही एक कोपरा ठरवता येतो, हे कुणाच्या मनात येत नाही याची खंत वाटते.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. संध्यामठाकडच्या काठाचा एक टप्पा सकाळी नऊपर्यंत स्पीकरविना ठेवावा आणि तिथे दिवे, चौकटी, पुतळे यांची भर घालू नये. मुख्याध्यापकांनी चित्रकलेचा तास गणित-इंग्रजीच्या जादा तासाला देऊ नये, आणि वर्षातून काही वेळा तरी दोन तास जोडून देऊन मुलांना आधी टाऊन हॉलला आणि तिथून घाटावर पाठवावे. परीक्षेचे सराववर्ग घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हात जोडून विनंती, की यंदा तयार रचना गिरवायला देण्याआधी मुलांना एकदा मंडईत उभे करा. भाजीवाली वजन करताना तागडी कोणत्या हातात धरते, तिच्यामागची पोती कशी कलंडलेली असतात, दुपारी ताडपत्रीखालचा उजेड कोणत्या रंगाचा असतो, ते त्यांना पाहू द्या आणि मग कागद द्या. आणि पालकांनो, रविवारी मूल खिडकीशी किंवा तळ्याकाठी नुसते बसलेले दिसले, तर त्याला लगेच कामाला लावू नका. तेव्हाच त्याला काहीतरी सुचत असते.

ज्या शाळांना घाटावरच्या सत्रासाठी सोबत हवी असेल, त्यांच्याबरोबर मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामूल्य यायला तयार आहोत. आमचा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षिका
शिवाजी पेठ, कोल्हापूर