दुसरी आवृत्ती थांबली आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधक आहे. गेली एकतीस वर्षं पुण्यात नारायण पेठेतल्या घरी बसून इतरांच्या पुस्तकांची प्रुफं वाचते. पुस्तकांच्या पीडीएफ एकमेकांना पाठवण्यावरून सध्या जो वाद चालू आहे, त्यात आपल्या पानावर लेखकांची पत्रं आली, वाचकांची आली, एका वकिलांचंही आलं. छपाईच्या कामातल्या माणसाचं अजून वाचनात आलं नाही, म्हणून लिहिते. पत्र लांबलं तर जरूर कापा, फक्त ओव्यांचा भाग ठेवा अशी विनंती आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भिशीच्या गटावर माझ्या मावसबहिणीने एक फाइल पाठवली. दुर्मीळ ठेवा आहे, जपून ठेवा, पुढे पाठवा, असा मजकूर वर होता. मी उघडली आणि बघतच राहिले. जेमतेम सात महिन्यांपूर्वी छापलेलं पुस्तक होतं ते. दोनशे बहात्तर पानं, सोळा-सोळा पानांचे सतरा फर्मे, आणि त्यातलं पान न् पान मी तीनदा वाचलेलं. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक.

मी सरळ पान १४३ काढलं. त्या पानावर चौथ्या ओळीत 'माहेराच्या वाट' असं छापलं गेलंय. हवं होतं 'माहेराच्या वाटं'. ओवी सांगणाऱ्या बाई 'वाटं' म्हणाल्या होत्या, म्हणजे वाटेवर. अनुस्वार गेला, अर्थ गेला आणि ओवी लंगडी झाली. तिन्ही वाचनांत तो माझ्या नजरेतून सुटला. पुस्तक हातात पडल्यावर शिक्षिका बाईंनी फोन केला, "ताई, एक टिंब राहिलं हो." रागावल्या नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत घालू, असं आमचं ठरलं.

मोबाइलवरच्या त्या पानावरही अनुस्वार नव्हता, आणि पानाच्या चारही कोपऱ्यांत कटिंग मार्क, म्हणजे कागद कुठे कापायचा त्याच्या खुणा होत्या. कोणी छापील पुस्तकाचे फोटो काढले असते तर कडेला बोटाची सावली येते, मधल्या शिवणीपाशी ओळी वाकतात. इथे तसं काहीच नव्हतं. छपाईला गेलेली फाइलच बाहेर पडली होती. म्हणजे डीटीपी करणारा, प्रकाशक, प्लेटा काढणारा, छापखाना आणि मी, एवढ्या पाचांपैकी कोणाकडून तरी. त्या रात्री मी माझा कॉम्प्युटर, मेल, पेन ड्राइव्ह सगळं उलटंपालटं करून पाहिलं. माझ्याकडून गेली नव्हती. तरी सकाळी प्रकाशकांना फोन लावताना माझा आवाज कापत होता.

मावसबहिणीशी बोलले. ती शिकलेली, वाचणारी बाई आहे. म्हणाली, "अगं, मी विकत थोडीच बसलेय? लहानपणी आपण पुस्तकं एकमेकींना देत नव्हतो का? हे तसंच." हे उत्तर मी तेव्हापासून किती जणांकडून ऐकलं असेल! आपल्या पानावरच्या दोन पत्रांतही ते होतं. त्यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण मी स्वतः मागून आणलेल्या पुस्तकांवर वाढले आहे. आमच्या घरी पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती. पेठेतल्या वाचनालयात दिवाळी अंकांची वर्गणी भरायची आणि हवा तो अंक मिळेपर्यंत संक्रांत उजाडायची.

पण त्या देण्याघेण्यात एक प्रत असायची. ती मी मैत्रिणीला दिली की माझ्या हातातून जायची. मैत्रिणीची वाचून होईपर्यंत तिसरीला थांबावं लागायचं. थांबवत नसेल ती विकत घ्यायची, नाहीतर वाचनालय दुसरी प्रत मागवायचं. आणि मुळात ती एक प्रत कोणीतरी पैसे मोजून आणलेली असायची. फाइल पुढे पाठवली की माझ्याकडची जात नाही. आमच्या गटात चौसष्ट बायका आहेत. बहिणीने एकदा बोट लावलं आणि चौसष्ट प्रती झाल्या. आमच्या पुस्तकाची सबंध आवृत्ती पाचशेची होती. अशा आठ गटांत ते गेलं की आवृत्ती ओलांडली. हिला उसनवारी म्हणता येत नाही. छापखान्याचं काम बहिणीने केलं, कागद आणि शाई न लावता.

आता हिशेब. पुस्तकाची किंमत साडेतीनशे रुपये, लेखिकेला दहा टक्के. पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तर बाईंना साडेसतरा हजार मिळणार. अकरा वर्षं दर रविवारी आणि मे महिन्याच्या सुटीत एसटीने गावोगाव फिरून, टेपरेकॉर्डर घेऊन केलेल्या कामाचे. मला पानामागे बारा रुपये मिळाले, ते केव्हाच मिळाले, माझं नुकसान काही नाही. पुस्तकाच्या एकशे नव्वद प्रती गेल्या आणि मग विक्री बसली. मराठी पुस्तक तसंही सावकाश खपतं, त्यामुळे सगळा दोष पीडीएफचा आहे असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीनंतरच्या ग्रंथप्रदर्शनात प्रकाशकांच्या टेबलाशी मी दोन दिवस बसले होते. एका बाईंनी पुस्तक उचललं, प्रेमाने चाळलं, एक ओवी शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "हे आहे माझ्याकडे मोबाइलमध्ये." पुस्तक होतं तिथे नीट ठेवून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही चुकीचं केल्याचा मागमूस नव्हता.

कायदा आहे, आणि तो कडक आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंग यांच्या दाव्यात टेलिग्रामला त्यांची पुस्तकं वाटणाऱ्या चॅनलवाल्यांची माहिती द्यायला लावली. सर्व्हर सिंगापूरला आहेत, ही सबब चालली नाही. आपल्या व्यवसायालाही हा अनुभव आहे. २०२०च्या टाळेबंदीत पेपर घरी येईनासा झाला आणि ई-पेपरच्या पीडीएफ फिरू लागल्या, तेव्हा दैनिक जागरण या हिंदी वृत्तपत्राला त्याच न्यायालयात जाऊन टेलिग्रामविरुद्ध आदेश आणावा लागला होता. चित्रपट कंपन्यांना तर २०१९ पासून असा आदेश मिळतो की बंद केलेली साइट नव्या नावाने उगवली तर तीही नवा दावा न लावता बंद करून घेता येते.

पाचशे प्रतींच्या प्रकाशकाने मात्र काय करायचं? आमची फाइल वाटणाऱ्या चॅनलविरुद्ध प्रकाशकांनी रीतसर तक्रार पाठवली, ते चॅनल बंद झालं आणि तिसऱ्या दिवशी नावापुढे एक आकडा लावून परत सुरू झालं. कॉपीराइटच्या २०१३च्या नियमांप्रमाणे तक्रार आल्यावर ३६ तासांत मजकूर अडवायचा असतो, पण एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. आदेश आणायला वकील लागतो आणि वकिलाच्या पहिल्या बैठकीतच बाईंची सगळी रॉयल्टी संपते. पोलीस चौकीवर अर्ज लिहून घेतला, तो अजून तिथेच आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्या मावसबहिणीला कैद व्हावी असं मला किंवा बाईंना मुळीच वाटत नाही. कायद्याचा हात नीतू सिंग यांच्यापर्यंत पोचला, चित्रपटांपर्यंत पोचला. जात्यावरच्या ओव्यांपर्यंत तो पोचेल असं मला दिसत नाही. म्हणून मी हे न्यायालयाला न लिहिता वाचकांना लिहिते आहे.

ओव्यांवरून एक जण मला म्हणाले, "ओव्या तर लोकांच्याच. त्यांचा कसला कॉपीराइट?" प्रश्न बरोबर आहे. ओव्या बाईंच्या नाहीत, त्या कोणाच्याच मालकीच्या नाहीत आणि तसा दावा बाईंनी केलेलाही नाही. उद्या कोणी वाईला, कोरेगावला जाऊन त्याच ओव्या पुन्हा ऐकून छापल्या तर कोणी अडवू शकत नाही. बाईंचं आहे ते शोधणं, निवडणं, लावणं, टिपा देणं. आणि पुस्तकाच्या शेवटी तेवीस पानांची यादी आहे. कुठली ओवी कोणी म्हटली, त्यांचं गाव, वय, कोणत्या साली. यातल्या बहुतेक बायका आता हयात नाहीत. ओवी म्हणणारीचं नाव छापलं जातं, हेच कितीजणींच्या बाबतीत पहिल्यांदा घडलं! ही यादी वाचताना मी प्रत्येक गावाचं नाव नकाशाशी ताडून पाहिलं होतं. फाइल गटागटांत फिरता फिरता कोणीतरी ओव्या कापून सूर्योदयाच्या चित्रांवर चिकटवल्या, खाली सुप्रभात लिहिलं. त्या चित्रांवर बाईंचं नाव नाही, त्या म्हाताऱ्यांची नावं नाहीत, गावं नाहीत. पैशांचं मी वर लिहिलं, पण बाई रडल्या त्या हे चित्र बघून.

सगळंच बंद करा, असं माझं म्हणणं नाही. माझ्याच टेबलावरून फायली बाहेर जातात. एका दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मी प्रकाशकांना सांगून अक्षरांची फाइल पाठवते, कारण त्याचं यंत्र ती वाचून दाखवतं. २०१२च्या दुरुस्तीने कायद्यातच ही मुभा दिली आहे आणि याविषयीचा माराकेश करार २०१४ साली सगळ्यात आधी आपल्या देशाने मान्य केला. विद्यार्थ्यांच्या झेरॉक्सचंही तसंच. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी प्रकरणांच्या झेरॉक्सचे गठ्ठे करून देणं हे शिकवण्याचाच भाग आहे, असं उच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटलं. त्या निकालाने मला आनंद झाला होता. परदेशी प्रकाशकाचं पाच हजारांचं पुस्तक आमच्या मुलांनी कुठून घ्यायचं? साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, मृत्यूनंतरची साठ वर्षं संपली आणि २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापावीत, पाठवावीत. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथालयात अशी जुनी पुस्तकं माणसं ओळ न् ओळ तपासून चढवतात. मीही अधूनमधून तिथे प्रूफ वाचते, फुकट आणि आनंदाने.

अवघड जागा मधली आहे. लेखक जाऊन साठ वर्षं झालेली नाहीत आणि पुस्तक वीस वर्षं बाजारात नाही. दुकानात विचारलं तर संपलं, प्रकाशकांना विचारलं तर बघू. अशा पुस्तकाची फाइल कोणी पाठवली तर त्याला बोल लावायला माझं मन होत नाही. मराठी प्रकाशकांनी इथे स्वतःकडे बघायला हवं. जे छापणार नाही त्याचे हक्क लेखकाला किंवा वारसांना लेखी परत करा, नाहीतर ई-पुस्तक काढून शंभर रुपयांत द्या. 'संपलं' या एका शब्दाने वाचकांना पीडीएफची सवय लावली, असं मला वाटतं. आणि आम्हा कामाच्या लोकांनीही फायली सांभाळायला हव्यात. छपाई झाली की प्लेटवाल्याच्या आणि छापखान्याच्या कॉम्प्युटरवर फाइल वर्षानुवर्षं पडून राहते, कोणीही पेन ड्राइव्ह लावावा. काम संपल्यावर ती पुसल्याची सही घेण्याची पद्धत आमच्याकडे नाही. मी आता माझ्यापुरती सुरू केली आहे.

वाचकांना एवढंच सांगते. फाइल आली की पाठवण्याआधी दुसरं-तिसरं पान उघडा. तिथे सगळं छापलेलं असतं, कोणत्या साली, कोणी, कितवी आवृत्ती, प्रकाशकाचा फोन. पुस्तक अलीकडचं असेल तर त्या नंबरवर फोन करून मिळतं का विचारा. मिळत असेल तर गटावर फाइलऐवजी तो नंबर टाका. माझ्या मावसबहिणीने हेच केलं. तिने गटावर लिहिलं की फाइल पुसून टाका, पुस्तक इथे मिळतं. चौदा जणींनी मागवलं.

सध्या दोनशे साठच्या आसपास प्रती प्रकाशकांच्या गोदामात आहेत. त्या संपल्या की दुसरी आवृत्ती. दुरुस्त्यांचा कागद माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. त्यावर एकच ओळ आहे: पान १४३, ओळ ४, 'वाट' ऐवजी 'वाटं'. बाईंना यंदा एकोणऐंशीवं लागलं. महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो आणि त्या विचारतात, "ताई, टिंबाचं काय झालं?"

आपली,
एक मुद्रितशोधक
नारायण पेठ, पुणे

(माझं नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. तो छापला तर पुस्तकाचं आणि छापखान्याचं नाव लगेच ओळखू येईल, आणि फाइल कोणाकडून गेली हे अजून ठरलेलं नाही, म्हणून छापू नये.)